तीन कोटेशन आली, पण तिघांनी एकाच कामाचा दर दिला का? सोसायटीने निविदा कशी लिहावी

पावसाळा संपत आला की मुंबई, ठाणे, पुणे, नाशिकमधल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो : ‘कोणाच्या ओळखीत चांगला पेंटिंग काँट्रॅक्टर आहे का?’ चार-पाच नंबर येतात. सेक्रेटरी तिघांना बोलावतात, इमारतीभोवती एक चक्कर मारतात आणि ‘कोटेशन पाठवा’ म्हणून सांगतात. तीन कागद येतात. सभेत तिन्ही आकडे वाचले जातात आणि सगळ्यात कमी आकडा मंजूर होतो. पुढच्या जुलैत त्याच भिंतीवर पुन्हा ओल दिसते. मग ठेकेदार चोर, कमिटी सामील, अशी कुजबुज जिन्यात सुरू होते.

ठेकेदार फसवतच नाहीत, असं कोणी म्हणणार नाही. पण अनेकदा भांडणाचं मूळ ठेकेदार निवडण्यात नसतं. ते त्याच्याही आधी, काम मागताना पेरलेलं असतं. आपल्याला काय हवंय हे सोसायटीने लिहूनच दिलेलं नसतं. मग प्रत्येक ठेकेदार स्वतःच्या मनातल्या कामाचा दर देतो आणि सभा तीन वेगवेगळ्या कामांचे आकडे शेजारी ठेवून ‘स्वस्त’ ठरवते.

तीन कोटेशन मागवणं म्हणजे पारदर्शकता, असं आपण धरून चाललो आहोत. माझ्या मते तिन्ही कोटेशन एकाच कामाची असतील तरच त्यात पारदर्शकता आहे. नाहीतर तो फक्त फाइलला लावायचा कागद आहे.

निविदा, कोटेशन आणि आरएफपी : फरक काय?

हे तीन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, पण तिन्ही वेगळे आहेत.

कोटेशन म्हणजे दरपत्रक. वस्तू किंवा काम ठरलेलं आहे, फक्त भाव विचारायचा आहे. दहा एलईडी ट्यूब किंवा पाण्याच्या टाकीची सफाई यासाठी कोटेशन पुरतं.

निविदा म्हणजे कामाचा तपशील, मोजमाप, अटी आणि मुदत लिहून सगळ्यांकडून एकाच तक्त्यात दर मागवणं. बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, रंगकाम ही निविदेची कामं.

आरएफपी म्हणजे प्रस्ताव मागवणं. अडचण माहीत आहे, पण तोडगा कोणता ते ठरलेलं नाही, अशा वेळी तो उपयोगी पडतो. ‘आमच्याकडे पाणी कमी येतं, पर्जन्यजल साठवण आणि बोअर पुनर्भरणाचा आराखडा आणि खर्च द्या’ ही आरएफपी झाली. इथे दराबरोबर समोरच्याचा विचार, अनुभव आणि पद्धतही तपासायची असते.

घोळ कुठे होतो? काम निविदेचं असतं, पण आपण मागतो कोटेशन. आणि तपशील ठरवण्याचं काम नकळत ठेकेदारावर सोपवतो. तोंडी सांगून केलेली ही आरएफपीच असते, फक्त उत्तरं तपासायची कशी हे कोणी ठरवलेलं नसतं.

सगळ्यात कमी आकडा सगळ्यात महाग कसा पडतो?

एक गृहीत उदाहरण घेऊ. दर बाजारातले नाहीत, हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. इमारतीच्या बाहेरच्या भिंतींचं क्षेत्रफळ ४०,००० चौरस फूट आहे.

पहिला ठेकेदार लिहितो : ‘संपूर्ण रंगकाम, एकरकमी १४ लाख रुपये.’ जीएसटीचा उल्लेख नाही, प्लास्टरचाही नाही.

दुसरा लिहितो : ‘रंगकाम २४ रुपये चौरस फूट. प्लास्टर दुरुस्ती प्रत्यक्ष मोजमापाप्रमाणे १४० रुपये चौरस फूट. जीएसटी वेगळा.’ रंगाचे ९ लाख ६० हजार होतात.

तिसरा लिहितो : ‘४,००० चौरस फुटांपर्यंत प्लास्टर दुरुस्ती, परांची आणि जीएसटी धरून १६ लाख ५० हजार.’

सभेत वाचले जाणारे आकडे असे : ९.६०, १४ आणि १६.५० लाख. दुसरा निवडला जातो. काम सुरू झाल्यावर भिंत ठोकून पाहिली जाते, पोकळ प्लास्टर निघतं आणि खरोखरच ४,००० चौरस फूट दुरुस्ती करावी लागते. त्याचे ५ लाख ६० हजार. बेरीज १५ लाख २० हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २ लाख ७३ हजार ६००. एकूण १७ लाख ९३ हजार ६०० रुपये.

पहिल्याचे १४ लाख जीएसटीसह १६ लाख ५२ हजार होतात. प्लास्टर निघालंच तर ‘ते एक्स्ट्रा’ हे वाक्य अजून यायचंय. म्हणजे सगळ्यात महाग वाटलेला तिसरा ठेकेदारच प्रत्यक्षात स्वस्त होता.

यात कोणी खोटं बोललेलं नाही. दुसऱ्याने ‘मोजमापाप्रमाणे’ असं स्पष्ट लिहिलं होतं. प्लास्टर किती निघेल, हा प्रश्न सोसायटीने विचारलाच नव्हता.

आधी तपासणी की आधी ठेकेदार?

मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकले. ‘एस्टिमेटिंग’ या विषयाचा पहिला धडा असा की मोजमाप आधी, दर नंतर. सोसायट्यांमध्ये नेमकं उलटं होतं.

भिंतीला तडा गेला म्हणजे रंग हवा, असं नसतं. तडा फक्त प्लास्टरला आहे की आत सळई गंजून काँक्रीट फुगलं आहे, गच्चीची गळती कोब्यातून आहे की पाइपच्या सांध्यातून, हे आधी ठरायला हवं. हे निदान ज्याला काम मिळणार त्याच्याकडूनच करून घेणं योग्य नाही. निदान जितकं मोठं, तितकं त्याचं बिल मोठं.

आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी करायचं असतं. हा अहवाल कपाटात ठेवण्यासाठी नाही, तो निविदेचा पाया आहे. ऑडिट लागू नसेल तरी एखाद्या स्वतंत्र अभियंत्याकडून पाहणी करून कामाची यादी आणि परिमाणं काढून घ्यावीत. या यादीला ‘बिल ऑफ क्वांटिटीज’ किंवा बोलीभाषेत बीओक्यू म्हणतात.

सल्लागाराची फी कशी ठरते, हेही पाहा. फी कामाच्या खर्चाच्या टक्क्यात असेल तर काम वाढलं की फी वाढते. माझं मत असं की यादी आणि निविदा तयार करण्यासाठी ठरावीक रक्कम द्यावी आणि देखरेखीसाठी भेटींच्या संख्येवर फी ठरवावी. ‘सल्लागाराचे पैसे वाचवू’ म्हणणाऱ्या सभासदाने वरचं उदाहरण पुन्हा वाचावं.

निविदेत नेमकं काय लिहायचं?

चाळीस पानांची गरज नाही. बीओक्यूचा तक्ता सोडून चार पानं पुरतात. त्यात एवढं हवंच :

१. इमारतीची माहिती. मजले, विंग, बांधकामाचं वर्ष, शेवटची दुरुस्ती कधी आणि कोणती, सध्याच्या तक्रारी. गळणाऱ्या फ्लॅटची यादी आणि पावसात काढलेले फोटो जोडा. ठेकेदार नोव्हेंबरमध्ये पाहणीला येतो तेव्हा भिंती कोरड्या असतात.

२. कामाची व्याप्ती. ‘चांगल्या दर्जाचं रंगकाम’ हे वर्णन नाही. ‘भिंत पाण्याच्या दाबाने धुणे, तडे पॉलिमर मिश्रणाने भरणे, एक हात प्रायमर, दोन हात ॲक्रिलिक एक्स्टीरियर रंग’ हे वर्णन आहे. सळई उघडी पडली असेल तर गंज काढणे, गंजरोधक लेप, जुन्या-नव्याचा सांधा धरणारा लेप आणि मग पॉलिमर मॉर्टर, हा क्रमही लिहा. प्लास्टरला किती दिवस पाणी मारायचं तेही लिहा. घाईत सगळ्यात आधी गाळलं जातं ते हेच.

३. व्याप्तीत काय नाही. पावसाची गळती, बाहेरचे सामायिक पाइप, गच्ची ही आदर्श उपविधींनुसार सोसायटीची जबाबदारी. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून खाली येणारं पाणी हा सहसा सभासदांचा विषय. ही रेघ निविदेत नसेल तर परांची उभी असताना प्रत्येक मजल्यावरून ‘आमचंही तेवढं करून टाका’ सुरू होतं.

४. मोजमापाची पद्धत. खिडक्यांची जागा वजा करायची की नाही, ग्रिल आणि छज्जे कसे मोजायचे, हे आधी ठरवा. बांधकामाच्या मोजमापासाठी ‘आयएस १२००’ हे भारतीय मानक आहे. ‘मोजमाप आयएस १२०० प्रमाणे’ ही एक ओळ पुढचे अनेक वाद मिटवते.

५. साहित्य. कोणत्या प्रतीचा रंग, कोणतं रसायन, ‘किंवा समतुल्य’ म्हटलं तर समतुल्य कोण ठरवणार, ते लिहा. डबे सीलबंद येतील, कमिटी किंवा अभियंत्यासमोर उघडले जातील आणि रिकामे डबे मोजल्याशिवाय बाहेर जाणार नाहीत, हेही लिहा. ४०,००० चौरस फुटांना किती लिटर रंग लागायला हवा, याचा अंदाज डब्यावरच्या माहितीवरून काढता येतो. रंगात किती पाणी मिसळलं, ते रिकाम्या डब्यांची संख्या सांगते.

६. सोसायटी काय देणार. पाणी, वीज, साहित्य ठेवायला जागा, कामगारांसाठी शौचालय. एसीची बाहेरची युनिट आणि डिश अँटेना कोण काढणार, परत कोण बसवणार, गॅस भरायची वेळ आली तर पैसे कोणाचे? डेब्रिज कोण उचलणार? गाड्यांवर शिंतोडे उडाले तर? हे प्रश्न क्षुल्लक वाटतात, पण काम सुरू झाल्यावर सगळ्यात जास्त भांडणं यांवरूनच होतात.

७. मुदत आणि दंड. काम किती दिवसांत, आठवड्याला किती उशिरासाठी किती कपात आणि जास्तीत जास्त किती. पाऊस आला किंवा सोसायटीनेच निर्णय लांबवला तर मुदतवाढ मिळेल, हेही तितकंच स्पष्ट हवं. एकतर्फी अटींचा दर ठेकेदार आपल्या आकड्यात धरतोच.

८. जादा काम. यादीतल्या बाबीचं परिमाण वाढलं तर दर तोच राहील आणि ठरावीक टक्क्यांच्या वर वाढ झाली तर आधी लेखी मंजुरी लागेल. ‘सेक्रेटरी तोंडी हो म्हणाले होते’ हा दावा तिथेच संपतो.

‘पाच वर्षं वॉरंटी’ म्हणजे कोणाची?

हा शब्द कोटेशनमध्ये ठळक अक्षरात असतो. रंग कंपनीची वॉरंटी मालाची असते आणि तिला अटी असतात. ठरलेला प्रायमर, ठरलेले हात, भिंतीची ठरलेली तयारी. भिंत नीट न धुता रंग मारला आणि पोपडे आले, तर तो दोष मालाचा की कारागिरीचा? कंपनी ठेकेदाराकडे बोट दाखवते, ठेकेदार कंपनीकडे.

म्हणून निविदेत दोन गोष्टी वेगळ्या मागा : मालाची वॉरंटी कंपनीच्या पत्रावर आणि कारागिरीची हमी ठेकेदाराच्या सहीने. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी हमीआधी चाचणी लिहा. पाणी साठवून ठेवायचं, किती तास ते अभियंत्याने ठरवायचं, आणि खालच्या मजल्यावरच्या सभासदाच्या सहीशिवाय ते काम पूर्ण धरायचं नाही. ज्याच्या छताला पाणी येतं, त्याच्यापेक्षा चांगला परीक्षक नाही.

पैसे कधी आणि कसे द्यायचे?

‘५० टक्के ॲडव्हान्स’ मान्य केलं की सोसायटीच्या हातातला दोर सैल होतो. थोडा ॲडव्हान्स देणं गैर नाही. परांची आणि साहित्याला ठेकेदाराला पैसा लागतो. पण पुढचे हप्ते तारखेवर न देता झालेल्या आणि मोजलेल्या कामावर द्या. एक विंग पूर्ण, मोजमाप नोंदवलं, अभियंत्याची सही, मग बिल.

प्रत्येक बिलातून ५ टक्के राखून ठेवा आणि ती रक्कम एक पूर्ण पावसाळा गेल्यावर परत द्या. महाराष्ट्रातल्या भिंतीची खरी परीक्षा जून ते सप्टेंबरमध्येच होते. मेमध्ये शेवटचं बिल चुकतं केलं की जुलैत फोन उचलायला कोणी नसतं. मात्र पावसाळा नीट गेला तर ही रक्कम ठरलेल्या दिवशी, मागायला न लावता द्यावी. ‘राखीव’ रक्कम वर्षानुवर्षं अडकवणाऱ्या सोसायट्याही आहेत आणि ठेकेदार पुढच्या वेळी तो तोटा दरात धरतात.

करांचंही आधीच लिहा. दर जीएसटीसह की वगळून? अशा कामांवर सध्या सहसा १८ टक्के जीएसटी लागतो. एका बिलाची रक्कम ३० हजारांच्या वर किंवा वर्षभराची बेरीज १ लाखाच्या वर गेली, तर सोसायटीला टीडीएस कापावा लागतो : ठेकेदार वैयक्तिक असेल तर १ टक्का, भागीदारी संस्था किंवा कंपनी असेल तर २ टक्के. ‘बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील’ असं सांगणारा भेटतोच. बिल नसेल तर कामाचा पुरावा नाही, हमी नाही आणि ऑडिटमध्ये उत्तरही नाही.

परांचीवरच्या माणसाचं काय?

निविदेतला सगळ्यात दुर्लक्षित भाग हा. सातव्या मजल्यावर दोरीच्या झोपाळ्यावर बसून भिंत घासणारा मुलगा सोसायटीचा नोकर नाही, हे खरं. पण तो पडला तर तो आपल्या आवारात पडतो आणि पोलीस आधी आपल्याकडे येतात. त्याच्या घरचा कमावता माणूस जातो, ते तर वेगळंच.

दर कमी करताना ठेकेदार सगळ्यात आधी सुरक्षेवर कात्री चालवतो, कारण सोसायटीने ती मागितलेलीच नसते. म्हणून सेफ्टी बेल्ट, स्वतंत्र सेफ्टी दोर, हेल्मेट, जाळी आणि कामगारांचा नुकसानभरपाई विमा या बाबी बीओक्यूमध्ये स्वतंत्र ओळीत घाला आणि त्यांचा दर वेगळा मागा. विम्याची प्रत मिळाल्याशिवाय काम सुरू नाही, असं लिहा. काम दुसऱ्याला पोटठेक्याने देता येईल का, तेही लिहा. सगळ्यांना ती ओळ भरावीच लागली, तर सुरक्षा पाळणारा ठेकेदार महाग ठरून बाहेर फेकला जाणार नाही.

सर्वात कमी दरालाच काम द्यायचं का?

सरकारी भाषेत सगळ्यात कमी दर देणाऱ्याला ‘एल-१’ म्हणतात. सरकारी कामात एल-१ ची सवय इतकी रुजली आहे की सोसायट्यांनाही तोच नियम वाटतो. पण खुद्द केंद्र सरकारच्या वित्त मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये काढलेल्या सूचनांमध्ये, दर्जाला महत्त्व असलेल्या ठरावीक कामांसाठी गुणवत्ता आणि दर एकत्र तोलण्याची मुभा दिली. त्यात गुणवत्तेचा वाटा जास्तीत जास्त ३० टक्के ठेवता येतो.

सोसायटीला हेच सोप्या रीतीने करता येतं. समजा, गुणवत्तेला ३० आणि दराला ७० गुण ठरवले. ‘अ’चा दर १५ लाख, गुणवत्तेत १०० पैकी ६०. ‘ब’चा दर १६ लाख, गुणवत्तेत ८५. ‘अ’ला दराचे पूर्ण ७० आणि गुणवत्तेचे १८, एकूण ८८. ‘ब’ला दराचे १५ भागिले १६ गुणिले ७० म्हणजे सुमारे ६५.६ आणि गुणवत्तेचे २५.५, एकूण सुमारे ९१. काम ‘ब’ला.

पण गुण कशाला द्यायचे आणि किती, हे निविदेतच छापलेलं हवं. मागच्या तीन वर्षांत केलेली तशीच कामं, त्यापैकी दोन इमारतींना कमिटीची प्रत्यक्ष भेट, देखरेखीला कोण असणार, कामाचं वेळापत्रक. पाकिटं उघडल्यावर निकष ठरवले तर ती गुणवत्ता राहत नाही, आवडनिवड होते. म्हणूनच तांत्रिक आणि दराचं पाकीट वेगळं घ्यावं. आधी तांत्रिक उघडून गुण द्यावेत, दराचं पाकीट त्यानंतर सर्वांसमोर उघडावं.

फारच कमी दर आला तरी खूश होऊ नका. तो कसा परवडतो, याचा बाबवार खुलासा लेखी मागा. खुलासा पटला नाही तर कारण नोंदवून तो बाजूला ठेवा.

सगळ्यांना सारखीच माहिती मिळतेय ना?

एका ठेकेदाराने पाहणीच्या वेळी विचारलं, ‘मागच्या डक्टमधली भिंतही करायची का?’ सेक्रेटरी म्हणाले, ‘हो.’ हे उत्तर बाकी दोघांना कळलंच नाही. आता तीन दर पुन्हा तीन कामांचे झाले.

म्हणून एकच दिवस ठरवा, सगळ्यांना एकत्र पाहणीला बोलावा आणि सगळ्यांचे प्रश्न व उत्तरं एकाच ई-मेलने सगळ्यांना पाठवा. दर आल्यावर बीओक्यूच्या प्रत्येक ओळीसमोर सगळ्यांचे दर मांडून तुलनात्मक तक्ता करा आणि तो सभेच्या नोटिशीबरोबर सभासदांना द्या. सभेत फक्त शेवटचा आकडा वाचून दाखवू नका. कमिटीतल्या कोणाचा एखाद्या ठेकेदाराशी नात्याचा किंवा व्यवहाराचा संबंध असेल, तर त्यांनी ते आधीच जाहीर करावं आणि निवडीतून बाजूला व्हावं. नावं न घेता सगळ्यांसाठी केलेला हा नियम नंतरच्या संशयापेक्षा स्वस्त पडतो.

कमिटी स्वतःच्या अधिकारात किती खर्च करू शकते आणि सर्वसाधारण सभेची मंजुरी कधी लागते, याची मर्यादा उपविधींत दिलेली असते. निविदा काढण्याआधी आपल्या सोसायटीने स्वीकारलेली प्रत उघडून पाहा.

‘एवढं लिहिलं तर कोणी येणारच नाही’

हा आक्षेप मला खरा वाटतो. वीस फ्लॅटच्या इमारतीने करोडोंच्या उलाढालीची अट घातली, जबर अनामत मागितली, चाळीस पानं भरायला लावली, तर चांगला छोटा ठेकेदार येणार नाही. येतील ते कागद रंगवण्यात तरबेज असलेले. म्हणून अटी कामाच्या आकाराला शोभतील अशा हव्यात. साधी मराठी, एक तक्ता, ठरलेल्या तारखा.

दुसरीकडे, नीट लिहिलेली निविदा चांगल्या ठेकेदाराच्या फायद्याचीच असते. व्याप्ती धूसर असेल तर प्रामाणिक माणूस अंगावर येऊ शकणारा खर्च धरून दर लावतो आणि महाग दिसतो. बेफिकीर माणूस तो खर्च धरत नाही, स्वस्त दिसतो आणि नंतर ‘एक्स्ट्रा’त वसूल करतो. म्हणजे तोंडी मागणी करून सोसायटी स्वतःच चांगल्या माणसाला बाहेर ठेवते. व्याप्ती स्पष्ट झाली की दोघांना एकाच कामाचा दर द्यावा लागतो.

आणखी एक तक्रार असते : ‘कमिटीवर काम करणारे नोकरी सांभाळून फुकट राबतात, त्यांनी निविदाही लिहायची?’ बरोबर आहे. म्हणूनच हे सेक्रेटरींच्या एकट्याच्या गळ्यात पडू नये. बहुतेक सोसायट्यांमध्ये एखादा अभियंता, एखादे निवृत्त सरकारी अधिकारी, एखाद्या हिशेब जाणणाऱ्या काकू असतातच. तिघांची उपसमिती पुरे. सभेत तासभर हिशेब मागणाऱ्यांना या उपसमितीचं आमंत्रण आधी द्यावं.

पुनर्विकासालाही हेच लागू होतं का?

तत्त्व तेच, पण नियम वेगळे. सहकारी सोसायट्यांच्या पुनर्विकासासाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७९ (अ) खाली ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय आहे. आधी वास्तुविशारद किंवा प्रकल्प सल्लागार, त्याचा व्यवहार्यता अहवाल, मग निविदा आणि मग विकासकाची निवड, हा क्रम त्यात घालून दिला आहे. आधी निदान, मग मागणी, मग निवड, हेच सूत्र तिथेही दिसतं. रंगकामाची निविदा नीट लिहिण्याची सवय नसलेली सोसायटी एकदम पुनर्विकासाच्या टेबलावर बसते, तेव्हा समोरच्याकडे वकील आणि वास्तुविशारद असतात आणि आपल्याकडे फक्त जास्तीच्या चौरस फुटांची स्वप्नं.

कधी काय करायचं?

जुलै-ऑगस्टमध्ये गळतीचे फोटो आणि यादी. सप्टेंबरमध्ये अभियंत्याची पाहणी आणि बीओक्यू. ऑक्टोबरमध्ये निविदा, एकत्र पाहणी, प्रश्नोत्तरं. नोव्हेंबरमध्ये तुलना, सभा, कार्यादेश. डिसेंबर ते एप्रिल काम. मे महिना राहिलेल्या कामांसाठी. मार्चमध्ये जागं होऊन ‘पावसाळ्याआधी उरका’ म्हटलं, तर घासाघीस करायला वेळच उरत नाही आणि ओल्या प्लास्टरवर रंग चढतो.

आदर्श उपविधींनुसार सभासद दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधीत आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंडात भरतात. थेंबे थेंबे जमलेला हा पैसा पाच-सात वर्षांतून एकदा, एका सभेत, एका आकड्यावर खर्च होतो. त्यात पेन्शनवर जगणाऱ्यांचा पैसा असतो, घराचा हप्ता फेडणाऱ्यांचाही असतो. तो खर्च करण्याआधी चार पानं लिहिणं हे किचकट काम वाटत असेल, तर एवढंच करा. पुढच्या सभेत दर वाचले जातील तेव्हा हात वर करून एक प्रश्न विचारा : ‘या तिघांना आपण लेखी काय दिलं होतं?’ उत्तरात कागद समोर आला नाही, तर त्या दिवशी मतदान करू नका. आधी कागद मागा.